चंद्रावरचा पाणाड्या

विज्ञानावर आधारलेला चित्रपट मुलांना दाखवायचा म्हटले की आपण शिक्षक मंडळी एक काम हमखास करतो. मनातल्या मनात वही उघडतो आणि चुका टिपू लागतो. इथे गुरुत्वाकर्षण विसरले, तिथे निर्वातात स्फोटाचा आवाज ऐकू आला, अमुक ग्रह तमुक जागी दिसणे शक्य नाही. हे काम उपयोगाचे आहे आणि मुलांना त्यात गंमतही वाटते. पण काही चित्रपट असे असतात, की त्यांतली सर्वांत मोठी चूक या वहीत उतरतच नाही. फ्रिट्झ लँग या दिग्दर्शकाचा 'फ्राउ इम मोंड' हा जर्मन मूकपट अशांपैकी एक आहे. आम्हाला तो आवडतो, आणि म्हणूनच त्याच्याशी थोडे भांडायचे आहे.

नावाचा अर्थ 'चंद्रातली स्त्री'. युरोपातल्या लोकांना चंद्रावरच्या डागांत एक माणूस दिसतो, जसा आपल्याला ससा दिसतो. त्या 'चंद्रातल्या माणसा'वरची ही कोटी. चित्रपट बर्लिनमध्ये १५ ऑक्टोबर १९२९ रोजी प्रथम दाखवला गेला. पटकथा थेआ फॉन हार्बू हिची, तिच्याच कादंबरीवरून लिहिलेली. ती त्या वेळी लँगची पत्नी होती. 'मेट्रोपोलिस' (१९२७) आणि 'एम' (१९३१) हे गाजलेले चित्रपटही याच जोडीचे. लँग दिग्दर्शक म्हणून जगभर ओळखला जातो, पण त्या काळातल्या त्याच्या बहुतेक चित्रपटांची कथा मुळात हार्बूच्या टेबलावर तयार झालेली होती, हे सहसा सांगितले जात नाही.

कथा थोडक्यात अशी. प्राध्यापक मान्फेल्ट नावाचा एक म्हातारा संशोधक दारिद्र्यात दिवस काढतो आहे. चंद्रावरच्या डोंगरांत सोने आहे, असे त्याने अनेक वर्षांपूर्वी विद्वानांच्या सभेत मांडले आणि सभा त्याला हसली. हेलिउस नावाचा तरुण अभियंता मात्र त्याच्यावर विश्वास ठेवून चंद्रावर जाणारे यान बांधतो. यानात हेलिउस, त्याचा सहकारी विंडेगर, विंडेगरची वाग्दत्त वधू फ्रीडे, स्वतः मान्फेल्ट, सोन्याच्या लोभाने धनिकांनी पाठवलेला टर्नर, आणि चोरून शिरलेला एक मुलगा, एवढी माणसे असतात. चित्रपट पावणेतीन तासांहून थोडा मोठा आहे. त्याचा पहिला भाग, म्हणजे कागदपत्रांची चोरी आणि धमक्या, बराच कंटाळवाणा आहे. तो ओलांडण्याची तयारी मात्र ठेवावी.

कारण त्यानंतर येते ते उड्डाण. माणूस चंद्रावर जाण्याच्या चाळीस वर्षे आधी केलेले हे चित्रण आजही पाहणाऱ्याला थक्क करते. प्रचंड इमारतीतून उभे यान रुळांवरून हळूहळू बाहेर येते. पुढे अमेरिकेत सॅटर्न अग्निबाण असाच उभा बाहेर आणला जात असे. हे यान अनेक टप्प्यांचे आहे; जळून रिकामा झालेला टप्पा गळून पडतो. प्रवासी बिछान्यांवर आडवे झोपतात, कारण उड्डाणाच्या त्वरणात उभ्या माणसाचे रक्त पायांकडे ओढले जाईल. यानात जागोजागी हाताचे आणि पायांचे पट्टे आहेत, कारण वजनरहित अवस्थेत माणूस तरंगू लागेल. बाटलीतून निघालेले द्रवाचे गोळे हवेत तरंगतात आणि ते पेल्यात पकडले जातात. पृष्ठताणाचा धडा शिकवताना याहून चांगले चित्र मिळणे कठीण.

हे प्रसंग दाखवल्यावर फळ्यावर एक हिशेब मांडता येईल. पृथ्वीचा मुक्तिवेग सेकंदाला सुमारे ११.२ किलोमीटर, म्हणजे ११,२०० मीटर. यानाचे त्वरण ४० मीटर प्रति सेकंद वर्ग धरले, तर हा वेग गाठायला २८० सेकंद लागतील. तेवढा वेळ आतल्या माणसाला आपले वजन सुमारे पाचपट झाल्यासारखे वाटेल. मग विचारावे, की त्वरण कमी करून सावकाश का जायचे नाही? जितका वेळ जास्त, तितके इंधन नुसते गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यात खर्ची पडते, इथपर्यंत नववी-दहावीची मुले स्वतः पोचू शकतील.

उड्डाणाच्या आधीची उलटी मोजणी आज प्रत्येक घरात ठाऊक आहे. ती लोकांच्या मनात ठसवली या चित्रपटाने. लँगने पुढे तिचे कारण सांगितले आहे. एक, दोन, तीन असे मोजत गेले तर यान कधी उडणार हे प्रेक्षकाला कळत नाही. उलटे मोजत शून्यावर आणले तर कळते, आणि श्वास रोखला जातो. मूकपट असल्यामुळे हे आकडे पडद्यावर अक्षरांत येतात. विज्ञानाने नाटकाकडून काही उसने घेतल्याची ही दुर्मीळ गोष्ट आहे.

हे सारे इतके नेमके कसे उतरले? लँगने सल्लागार म्हणून हेर्मान ओबेर्थ याला बोलावले होते. ओबेर्थ ट्रान्सिल्व्हेनियातल्या मेडियाश गावी शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत असे. म्हणजे आपल्यातलाच एक. अग्निबाणाने अवकाशात जाता येईल हे दाखवणारा त्याचा प्रबंध १९२२ साली हायडेलबर्ग विद्यापीठात स्वीकारला गेला नाही. त्याने तो पदरमोड करून १९२३ साली पुस्तकरूपाने छापला. अनेक टप्प्यांचा अग्निबाण, द्रवरूप इंधन, प्रवाशांवर होणारा त्वरणाचा परिणाम, हे सारे त्या पुस्तकात समीकरणांसह होते. १९२९ साली त्याची मोठी आवृत्ती निघाली, ती त्याने लँग आणि हार्बू यांना अर्पण केली.

इथवर चित्रपट आणि विज्ञान हातात हात घालून चालतात. मग यान चंद्रावर उतरते आणि हात सुटतो.

यान उतरते ते चंद्राच्या पलीकडच्या बाजूला. बाल्टिक किनाऱ्यावरची वाळू स्टुडिओत पसरून उभे केलेले हे चंद्रदृश्य सुंदर आहे. डोंगर मात्र अवास्तव टोकदार. मान्फेल्ट पाणबुड्यासारखा पोशाख चढवून बाहेर येतो, काडी ओढतो, ती पेटते! हवा आहे म्हणून तो शिरस्त्राण काढतो, आणि पुढे सगळेच साध्या कपड्यांत हिंडू लागतात. वहीत मोठी फुली पडते ती इथे.

ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. पेटर आंद्रेआस हान्सेन या नामांकित खगोलशास्त्रज्ञाने १८५६ साली असे मांडले होते, की चंद्राचा गुरुत्वमध्य त्याच्या भौमितिक मध्यापासून सुमारे ५९ किलोमीटर पलीकडे सरकलेला आहे. तसे असेल तर चंद्राची हवा आणि पाणी मागच्या बाजूला साचले असणे शक्य होते. सायमन न्यूकम याने १८६८ साली या तर्काचा पायाच काढून घेतला. आज आपल्याला माहीत आहे, की हे अंतर सुमारे दोनच किलोमीटर आहे, आणि तेही पृथ्वीच्या दिशेने. चंद्राचा मुक्तिवेग सेकंदाला २.४ किलोमीटर, दिवसा शंभर अंशांहून अधिक तापणाऱ्या अशा लहान गोलाला दाट हवा धरून ठेवता येत नाही. यासाठी चंद्रावर जायचीही गरज नाही. चंद्र रोहिणीसारख्या एखाद्या ताऱ्याला झाकतो, तेव्हा तारा हळूहळू मंद होत नाही. दिवा मालवावा तसा एका क्षणात नाहीसा होतो. कडेला हवेचा थर असता तर असे झाले नसते. शाळेच्या गच्चीवरून हे पिधान विद्यार्थ्यांना दाखवता येते.

तरीही हवेची चूक आम्ही लँगला माफ करू. शिरस्त्राणाआड झाकलेल्या चेहऱ्यांनी प्रेमाचा त्रिकोण रंगवायचा कसा, हा त्याच्यापुढचा साधा व्यावहारिक प्रश्न होता. मूकपटात तर चेहरा हीच भाषा. नाटकाच्या सोयीसाठी घेतलेली सवलत सवलत म्हणून ओळखता येते आणि मुलेही ती चटकन ओळखतात.

आमचे भांडण आहे ते मान्फेल्टशी. चंद्रावर उतरल्यावर हा प्राध्यापक हातात काडी धरून पाणी शोधत निघतो. आपल्या खेड्यांत विहिरीची जागा दाखवायला येणारा पाणाड्या वायच्या आकाराची डहाळी किंवा नारळ घेऊन शेतात फिरतो, अगदी तसा. काडी हलते, तिच्यामागून मान्फेल्ट गुहेत शिरतो, आणि त्याला सोने सापडते. पुढे तो सोन्याचा तुकडा कवटाळूनच दरीत कोसळतो, पण तोवर त्याचे म्हणणे खरे ठरलेले असते. सभेत हसणारे विद्वान मूर्ख ठरतात.

गंमत अशी, की याच चित्रपटामागे असा एक खराखुरा माणूस उभा आहे, ज्याला विद्वानांनी परत पाठवले होते. ओबेर्थ आणि मान्फेल्ट यांच्यात फरक काय? ओबेर्थने आपली समीकरणे छापली. कोणीही कागद-पेन्सिल घेऊन ती तपासावीत आणि चूक सापडली तर दाखवावी. मान्फेल्टचे म्हणणे तपासायचे तर त्याच्या हातातल्या काडीवर विश्वास ठेवण्याखेरीज मार्ग नाही. चित्रपटात सोने सापडते, कारण पटकथा लिहिणारीने ते तिथे ठेवलेले असते. पाणाड्यांच्या बाबतीत असे कोणी ठेवत नाही, म्हणून रीतसर चाचण्यांत त्यांचे यश योगायोगापलीकडे जात नाही. पण हार्बू या दोघांना एकाच यानात बसवते, आणि प्रेक्षकाच्या मनावर एकच गोष्ट ठसते: ज्याला जग हसते तो बरोबर असतो. 'गॅलिलिओलाही लोक हसले होते' हे वाक्य आपण प्रत्येक भोंदू संशोधकाच्या तोंडून ऐकतो. हसले गेलेले बहुतेक जण खरोखरच चुकलेले होते; त्यांची नावे कोणी लक्षात ठेवत नाही, एवढेच.

खऱ्या माणसाची कसोटी कशी लागते, हेही याच चित्रपटाच्या निमित्ताने पाहायला मिळते. जाहिरात म्हणून ओबेर्थने खराखुरा द्रव इंधनाचा अग्निबाण उडवून दाखवावा, असे ठरले होते. काम जमले नाही. प्रयोगात स्फोट होऊन त्याला इजा झाली आणि चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा अग्निबाण तयार नव्हता. त्याच्या अपयशावर पडदा टाकायला कोणी पटकथाकार नव्हता. जुलै १९३० मध्ये मात्र त्याचे शंक्वाकार इंजिन बर्लिनच्या सरकारी रासायनिक-तांत्रिक संस्थेत चालून दाखवता आले. मदतीला असलेल्या तरुणांत अठरा वर्षांचा वेर्नहेर फॉन ब्राउन होता.

फॉन ब्राउनचे नाव आले की पुढची गोष्टही सांगायला हवी. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी पेनेम्युंडे येथून जो व्ही-२ अग्निबाण पहिल्यांदा यशस्वीपणे उडाला, त्याच्या बुडाशी चंद्रकोरीवर बसलेली स्त्री रंगवलेली होती. याच चित्रपटाची ती खूण. १९४४ च्या सप्टेंबरपासून असे अग्निबाण लंडनवर पडू लागले, आणि ते बांधणाऱ्या डोरा छावणीत हजारो कैदी मेले. ओबेर्थही १९४१ पासून पेनेम्युंडेत होता. समीकरणे तपासता येतात, ती कोणाच्या हातात पडतील हे समीकरणांत लिहिलेले नसते. लँगने १९३३ साली जर्मनी सोडली. हार्बू मागे राहिली आणि नाझी राजवटीतही चित्रपट लिहीत राहिली. लँगशी घटस्फोट झाल्यावर तिने बर्लिनमध्ये शिकलेल्या अयी तेंडुलकर या आपल्याकडच्या पत्रकाराशी गुपचूप लग्न केले, हे मराठी वाचकांना कदाचित नवे वाटेल.

फ्रीडेबद्दलही एक तक्रार नोंदवतो. ती खगोलशास्त्राची विद्यार्थिनी आहे, आणि चंद्रावर चित्रीकरणाचा कॅमेरा फिरवते तीच. १९२९ सालच्या पडद्यावर ही मोठी गोष्ट होती. पण कथा तिला दोन पुरुषांच्या मध्ये उभी करून ठेवते, आणि तिच्या अभ्यासाचा उपयोग कुठेच होत नाही. शेवटी प्राणवायू अपुरा पडतो, एकाने मागे राहणे भाग होते, तेव्हा मात्र ती स्वतःचा निर्णय स्वतः घेते. तो काय, हे इथे सांगत नाही.

सबंध चित्रपट वर्गात दाखवणे तासिकांच्या हिशेबात बसणार नाही. आमच्या मते तीन तुकडे पुरे: मान्फेल्टची ती सभा, यान बाहेर येण्यापासून वजनरहित अवस्थेपर्यंतचा भाग, आणि काडी घेऊन निघालेला म्हातारा. तिसरा तुकडा संपला की दिवे लावावेत आणि विचारावे: सभेत तुम्ही बसला असता, तर मान्फेल्टला कोणता प्रश्न विचारला असता?