सात थरांचे पाठांतर

संगणकांच्या जाळ्यांविषयीचे, म्हणजेच नेटवर्किंगचे, उच्च माध्यमिक किंवा पदविका पातळीवरचे कोणतेही पुस्तक घ्या. पहिल्या-दुसऱ्या प्रकरणात सात कप्प्यांची एक उभी चौकट बहुधा भेटतेच. खालून वर वाचत गेले तर फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन आणि ॲप्लिकेशन. प्रत्येक थराचे कार्य शेजारी दोन ओळींत दिलेले. ‘ओएसआय प्रतिमानाचे सात थर आकृतीसह स्पष्ट करा’ हा परीक्षेतला आवडता प्रश्न असल्याने नावांची आद्याक्षरे लक्षात राहावीत म्हणून गमतीदार वाक्येही वर्गावर्गांतून चालत आली आहेत. एवढी तयारी करून विद्यार्थी प्रयोगशाळेत येतो, दोन संगणक एका स्विचला जोडतो, दिवे लुकलुकतात, पण फाइल काही पलीकडे जात नाही. सात थर तोंडपाठ असूनही शोध कोठून सुरू करावा हे त्याला सुचत नाही. याचा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारण्यापूर्वी त्या चौकटीचीच थोडी तपासणी करावयास हवी.

ही चौकट आली कोठून? १९७० च्या दशकात प्रत्येक मोठ्या कंपनीची संगणक जोडण्याची रीत वेगळी होती. आयबीएमची एसएनए, डिजिटल कंपनीची डेकनेट. एकीचे यंत्र दुसरीच्या यंत्राशी बोलू शकत नसे. सर्वांना खुली अशी एक समान व्यवस्था असावी म्हणून आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेने हे प्रतिमान तयार केले आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. हेतू उत्तम होता. परंतु दुसरीकडे व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्येच वेगवेगळी जाळी एकमेकांस जोडण्याची पद्धत मांडली होती. तिच्यातून घडलेल्या टीसीपी आणि आयपी या नियमावलींवर अमेरिकेचे आर्पानेट १ जानेवारी १९८३ रोजी चालू लागले. म्हणजे सात थरांचा आराखडा छापून येण्याच्या वर्षभर आधीच दुसरे घर बांधून त्यात माणसे राहू लागली होती. अमेरिकी सरकारने १९९० पासून आपल्या खात्यांच्या खरेदीत ओएसआयची सक्ती करून पाहिली. १९९५ मध्ये ती मागे घ्यावी लागली.

आज विद्यार्थ्याच्या टेबलावर असलेले जाळे त्या पहिल्या घराच्या वंशातले आहे. आपण मात्र त्याला न बांधलेल्या घराचा आराखडा पाठ करावयास लावतो आणि समोरचे घर त्यावरूनच बांधले असे भासवतो. अँड्र्यू टॅनेनबॉम यांचे ‘कॉम्प्युटर नेटवर्क्स’ (पहिली आवृत्ती १९८१) हे या विषयातले मान्यवर पुस्तक. त्यांनी पुढच्या आवृत्त्यांत या प्रतिमानावर सडेतोड टीका केली आणि स्वतःचे विवेचन पाच थरांवर उभे केले. जेम्स क्युरोस आणि कीथ रॉस यांनी तर क्रमच उलटा केला. ते विद्यार्थ्याला परिचित असलेल्या वेबपासून सुरुवात करून खाली तारेकडे उतरतात. आपल्या मार्गदर्शक पुस्तकांनी या दोघांकडूनही फारसे काही घेतलेले दिसत नाही.

या हट्टाचे परिणाम चौकस विद्यार्थ्यांच्या शंकांतून दिसतात. सुरक्षित संकेतस्थळांसाठी वापरली जाणारी टीएलएस कोणत्या थरात? काही जण सांगतात प्रेझेंटेशन, कारण मजकूर सांकेतिक करणे हे त्या थराचे काम. काही सांगतात सेशन, कारण ती दोन टोकांमधले सत्रही सांभाळते. प्रत्यक्षात ती टीसीपीच्या वर आणि वेबच्या नियमावलीच्या खाली बसते, आणि तिथे सेशन-प्रेझेंटेशन असे वेगळे कप्पे नाहीतच. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक या नियमावलीने वहन आणि सांकेतिकीकरण ही दोन्ही कामे एकत्रच विणली आहेत. अशा वेळी ‘योग्य थर निवडा’ हा प्रश्न विज्ञानाचा राहत नाही, जुळणीचा होतो.

प्रतिमानाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कामाचे थर पाडण्याची मूळ कल्पना मोलाची आहे. तांब्याची तार काढून काचतंतू बसवला किंवा वाय-फाय आणले, तरी ई-मेलचा प्रोग्राम बदलावा लागत नाही, तो या कल्पनेमुळे. ओएसआयच्या कामातले काही तुकडे टिकलेही. सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटवण्यासाठी जे प्रमाणपत्र दाखवते, त्याचा एक्स-५०९ हा नमुना त्याच परिवारातून आला. ‘लेयर टू स्विच’ असे शब्द बाजारात रोज वापरले जातात, तेव्हा विद्यार्थ्याला थरांचे क्रमांक माहीत असावेत. आमचा आक्षेप आहे तो क्रमाला. आधी नावे आणि मग, वेळ उरलाच तर, तार, हा क्रम उलटा व्हावा.

तारेपासूनच सुरुवात करून पाहा. आठ तारांची केबल, दोन आरजे-४५ कनेक्टर, क्रिंपिंग टूल आणि दिव्यांचा साधा टेस्टर एवढे पुरते. रंगांचा प्रचलित क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा आहे. मुले हा क्रमही पाठच करतात. हिरवी जोडी तिसऱ्या आणि सहाव्या जागी अशी फाकवून का ठेवली, हे कोणी विचारत नाही. म्हणून एक केबल मुद्दाम ‘नीटनेटकी’ करावयास सांगा, चारही जोड्या शेजारी-शेजारी, दोन्ही टोकांना सारख्याच. टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतील. विद्युतमंडल पूर्ण आहे, तक्रारीला जागा नाही. पण शंभर मेगाबिटच्या इथरनेटमध्ये एक संदेश १ व २ या पिनांवरून जातो आणि दुसरा ३ व ६ वरून. आपल्या नीटनेटक्या केबलमध्ये ३ आणि ६ या दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारा झाल्या. जोडीला दिलेला पीळ असतो तो दोन्ही तारांवर बाहेरचा उपद्रव सारखाच व्हावा आणि घेणाऱ्या टोकाला वजाबाकीत तो निघून जावा यासाठी. पिळाचा हा फायदाच येथे गेला. एक-दीड मीटरच्या तारेत हे कदाचित जाणवणारही नाही. वीस-तीस मीटरची केली की वेग घसरतो, जोडणी अधूनमधून तुटते. अकरावी-बारावीच्या भौतिकीतले विद्युतचुंबकीय प्रवर्तन येथे हाताला लागते. ‘फिजिकल थर बिटांचे वहन करतो’ या ओळीत यातले काहीच नाही.

दुसरा प्रयोग पत्त्यांचा. चांगल्या केबलने दोन संगणक एका स्विचला जोडा. एकाला १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याला १९२.१६८.२.७ हा पत्ता द्या, दोन्हींचा मास्क २५५.२५५.२५५.० ठेवा, गेटवेची जागा रिकामी सोडा. पिंग करून पाहा, उत्तर नाही. आता कशालाही हात न लावता फक्त दोन्हीकडचा मास्क २५५.२५५.०.० करा. पिंग चालू होते. (विंडोजचे फायरवॉल पुष्कळदा पिंगला उत्तर देऊ देत नाही, प्रयोगापुरती परवानगी आधी देऊन ठेवावी, नाहीतर तास त्यातच जातो.) पहिल्या वेळी पाठवणाऱ्या संगणकाने मास्क लावून पाहिले, पलीकडचा पत्ता आपल्या जाळ्याबाहेरचा ठरवला, आणि बाहेर नेणारे गेटवे ठाऊक नसल्याने तो संदेश तारेवर पाठवलाच नाही. तार निर्दोष, स्विच निर्दोष, अडवणूक गणिताची. ज्याने हे पाहिले त्याला दुसऱ्या आणि तिसऱ्या थरातला भेद सांगण्यास पाच मिनिटे पुरतात.

ज्या शाळांत सामग्री नाही त्यांना सिस्कोचे पॅकेट ट्रेसर यासारखे नकली जाळे उपयोगी पडते, आणि पत्त्यांचा प्रयोग त्यात उत्तम होतो. पण त्यातली केबल रंगांच्या चुकीने कधी बिघडत नाही, कनेक्टर सैल होत नाही. केवळ त्यावर ‘प्रकल्प’ उरकून वही भरणे म्हणजे पोहण्याचा तास फळ्यावर घेणे होय.

तिसरा प्रयोग तर जोडणी असलेल्या कोणत्याही संगणकावर होतो. पिंग ही आज्ञा माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिली. ती संदेशाच्या जाण्या-येण्याचा वेळ मिलिसेकंदांत दाखवते. काचतंतूत प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो. समजा, नागपूरच्या वर्गात एखाद्या अमेरिकी कंपनीच्या संकेतस्थळाला पिंग केले आणि उत्तर ६ मिलिसेकंदांत आले. जाण्यास तीन, येण्यास तीन. म्हणजे उत्तर देणारे यंत्र ६०० किलोमीटरच्या आतच असले पाहिजे. नकाशावर कंपासने वर्तुळ काढले की हैदराबाद आत येते, मुंबई बाहेर राहते, आणि अमेरिकेचा तर प्रश्नच नाही. केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेतली यंत्रेही वेळ खातात, म्हणून खरे वर्तुळ याहून लहानच. त्यानंतर ट्रेसरूट, म्हणजे विंडोजवर ट्रेसर्ट, चालवावे आणि वाटेतल्या मुक्कामांची यादी वहीत उतरवून घ्यावी. काही ओळींवर नुसत्या चांदण्या येतील. तेथे जाळे तुटले आहे असे मुले हमखास लिहितात; पुढच्या ओळीवर उत्तर आलेले असेल तर ते यंत्र केवळ गप्प बसले आहे, संदेश मात्र त्याने पुढे नेला, हे त्यांच्याच यादीवर बोट ठेवून दाखवता येते.