शंभर नमुने पास झाले, पण खात्री कुठे आहे?

मागच्या वेळी आपण एक्सएसएलटी पाहिलं. एक्सएमएल दस्तऐवज घ्यायचा, टेम्प्लेटचे नियम लावायचे, वेब पान बाहेर काढायचं. आजचा प्रश्न असा, की ते पान दर वेळी वैधच निघेल, याची हमी कोण देणार?

नेहमीचं उत्तर म्हणजे नमुन्याच्या फायली चालवा आणि निकाल व्हॅलिडेटरला द्या. आम्हीही तेच करत होतो. एका ग्रंथसूचीत प्रत्येक लेखकाखाली पुस्तकांची यादी हवी होती: बाहेर ‘यूएल’, आत प्रत्येक पुस्तकाला एक ‘एलआय’. सगळे नमुने पास झाले. मग असा एक लेखक आला, ज्याचं एकही पुस्तक नोंदलेलं नव्हतं. एक्सएचटीएमएल 1.0 च्या डीटीडीनुसार ‘यूएल’मध्ये किमान एक ‘एलआय’ लागतो. आमची यादी रिकामी, म्हणून पान अवैध. मूळ सूचीच्या डीटीडीत मात्र शून्य पुस्तकं चालत होती. दोन्ही डीटीडी शेजारी ठेवून वाचल्या असत्या, तर ही चूक एकही फाइल न चालवता सापडली असती.

हे वाचन यंत्राला जमेल का? सर्वस्वी नाही. एक्सएसएलटी ही ट्युरिंग-पूर्ण भाषा आहे, त्यामुळे प्रत्येक रूपांतराबद्दल अचूक निकाल देणारा प्रोग्राम शक्यच नाही. मिलो, सुच्यू आणि व्हियानू यांनी 2000 साली मर्यादित रूपांतरांसाठी ही तपासणी शक्य असल्याचं दाखवलं, पण तिचा खर्च अवाढव्य. डेन्मार्कमधल्या आऱ्हुस विद्यापीठाच्या म्योलर, ओलेसन आणि श्वार्ट्सबाख यांचा 2007 चा निबंध वेगळी वाट धरतो. त्यांची पद्धत अंदाज घेते, पण सावध बाजूने. ती ‘ठीक’ म्हणाली, तर ठीकच. ‘शंका’ म्हणाली, तर कधी कधी ती खोटी असू शकते.

आम्हाला ही तडजोड पटते, कारण चुकीचा भार लिहिणाऱ्यावर येतो, वाचणाऱ्यावर नाही. आक्षेप दोन. खोट्या शंका वाढल्या, की माणूस खऱ्याही वाचेनासा होतो. आणि ही हमी फक्त वैध मूळ दस्तऐवजांपुरती आहे, तीही रचनेचीच. लेखकाच्या जागी प्रकाशकाचं नाव छापलं गेलं, तरी पान वैधच ठरेल. तेवढं मात्र अजून आपल्यालाच वाचून पाहावं लागतं.