वृक्षरक्षणाचे दोन लेख आणि जेऊर गाव

कायद्याचे पुस्तक हा टीकाकाराचा विषय नव्हे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो आम्हांस मान्य नाही. ज्या लेखावर सहस्रावधी झाडांचे जगणे-मरणे अवलंबून आहे, त्याची भाषा आणि दृष्टी यांचे परीक्षण व्हावयासच हवे. म्हणून महाराष्ट्राचा 1975 चा नागरी वृक्षसंरक्षण कायदा आम्ही येथे विचारास घेतला आहे. त्याच्या शेजारी रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र ठेवून, सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याचे जेऊर हे गाव आम्ही दोहोंच्या कसोटीस घेतो.

आज्ञापत्र सुमारे 1715 सालचे. त्यात झाडांचा विषय निघतो तो आरमाराच्या प्रकरणात. गलबतांस लाकूड हवे. सरकारची निकड मोठी. तरीही रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावू नये, असे अमात्य बजावतात. कारण दोन ओळींत येते, पण ते विसरता येत नाही. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, आणि ती तोडल्यास तिच्या दुःखास पार राहत नाही. झाड जीर्ण झाले असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन मगच तोडावे. झाडाचे वय आणि लावणाराचे मन या दोन गोष्टी येथे राजनीतीचा भाग झाल्या आहेत.

1975 च्या कायद्याचे गुण आम्ही नाकारीत नाही. त्याने नगरपालिकांत वृक्ष प्राधिकरणे आणली, परवानगीवाचून कुऱ्हाड चालविणे हा गुन्हा ठरविला, पाच वर्षांनी एकदा वृक्षगणना सांगितली. परंतु मूळ कायद्यात साठ दिवसांत निर्णय न कळल्यास परवानगी मिळाली असे समजण्याची तरतूद होती. म्हणजे अधिकाऱ्यांचे मौन झाडाच्या विरुद्ध धरले जाई! 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांस वारसावृक्ष मानले, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावावीत असे ठरविले. आज्ञापत्रातील वयाचा विचार कायद्यात परत आला, याचा आम्हांस आनंद आहे. मात्र तो आला तो हिशेबाच्या रूपाने. साठ वर्षांच्या लिंबाखाली बसणारास साठ रोपांची सावली उद्या मिळणार नाही. ज्या वृद्धाने तो लिंब लावला त्याला तर ती कधीच मिळणार नाही.

संख्येचा हा मोह राजकारणात अधिकच बळावतो. राज्यात 2016 साली दोन कोटी, 2017 साली चार, 2018 साली तेरा आणि 2019 साली तेहतीस कोटी रोपांचे संकल्प सोडण्यात आले. मोहिमांचा मुहूर्त बहुधा जुलैचा आणि सोलापुराकडील पावसाचा खरा जोर सप्टेंबरचा, हे कोणाही शेतकऱ्यास ठाऊक आहे. त्याच 2019 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या आरे वसाहतीत, उच्च न्यायालयाने अर्ज फेटाळताच रातोरात तोड सुरू झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती थांबविली तोवर 2,141 झाडे आडवी झाली होती. लावण्याची घोषणा आणि तोडण्याची घाई एकाच वर्षात नांदली.

आरेसाठी निदान न्यायालयात जाता आले; हाती कायदा होता. जेऊरची गोष्ट निराळी. करमाळ्यास रेल्वे नाही. तिकडचा उतारू पुणे-सोलापूर मार्गावरील जेऊर स्थानकावर उतरतो. गाव अशा रीतीने तालुक्याचे दार झाले. पण कारभार ग्रामपंचायतीचा, म्हणून नागरी वृक्षकायदा तेथे लागू नाही. करमाळ्याच्या नगरपरिषदेच्या हद्दीतील लिंबास जे संरक्षण, ते जेऊरच्या लिंबास नाही. राज्याचा 1964 चा वृक्षतोडीचा कायदा आहे, पण तो ठराविक जातींच्या यादीवर चालतो. त्या मूळ यादीत साग, चंदन, आंबा, चिंच आहेत. वड, पिंपळ व लिंब नाहीत. ज्यांच्या सावलीत उन्हाळ्यात माणसे बसतात, नेमके तेच वृक्ष वगळले गेले!

आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. खेडे शहर होऊ लागते तेव्हा रस्ते रुंदावतात, भूखंड पडतात, गाळे उभे राहतात. झाडांवर खरा घाला येतो तो याच काळात. आणि कायदा मात्र नगरपरिषदेची पाटी लागेपर्यंत वेशीबाहेर थांबतो. तो आत येईल तेव्हा रक्षण करण्याजोगे काय उरले असेल? रस्ता नको, दुकान नको, असे आमचे म्हणणे नाही. अमात्यांसही गलबते हवीच होती. त्यांनी गरज आणि अधिकार यांत भेद केला, एवढेच.

कायदा सुधारेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने रस्त्यांवर व बाजारात झाडे लावणे आणि ती राखणे हे पंचायतीच्या कामांतच घातले आहे. ग्रामसभेने गावातील प्रत्येक मोठ्या झाडाची जात, जागा, घेर व अंदाजी वय वहीत नोंदवावे आणि दरवर्षी ती वही सभेपुढे मोठ्याने वाचावी. एखादे नाव गळले तर ते कोणाच्या ठरावाने गळले, हे सभेतच विचारता येईल. मते मागावयास येणारांसही किती रोपे लावली हे न विचारता, या वहीतील किती झाडे उभी आहेत, हेच विचारावे.