चाचा सामला लिहिलेली पत्रे

सआदत हसन मंटो म्हटला की फाळणीच्या कथा आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या कथांच्या गर्दीत त्याने अमेरिकेच्या 'चाचा साम'ला उद्देशून लिहिलेली नऊ उर्दू पत्रे मागे पडली. १९५१ ते १९५४ या काळातली ही पत्रे मला त्याच्या पुष्कळ कथांहून बोलकी वाटतात. कथांत देश फुटताना दिसतो, पत्रांत नवे राष्ट्र घडताना दिसते.

मुंबईच्या बोलपटांत रमलेला हा लेखक १९४८ च्या जानेवारीत लाहोरला गेला आणि 'लक्ष्मी मॅन्शन'मध्ये राहू लागला. (धर्माच्या पायावर उभ्या राहिलेल्या राष्ट्रातही इमारतीच्या नावात लक्ष्मी टिकून राहिली, ही दिवाळीत सांगण्याजोगी गोष्ट!) इंग्रजांनी ज्या २९२ कलमाखाली त्याच्यावर अश्लीलतेचे खटले भरले, त्याच कलमाखाली नव्या सरकारने 'ठंडा गोश्त'साठी त्याला कोर्टात खेचले. साहेब गेला, त्याचे दंडविधान राहिले. १९५५ साली मंटो वारला. २०१२ साली सरकारने त्याला मरणोत्तर 'निशान-ए-इम्तियाज' दिला!

१९४९ च्या मार्चमध्ये पाकिस्तानच्या संविधानसभेने सार्वभौमत्व ईश्वराचे, असा ठराव केला. १९५३ साली अहमदिया पंथाविरुद्ध दंगली उसळून लाहोरात लष्करी कायदा पुकारावा लागला. त्याच शहरातून १९५४ साली मंटो काकांना लिहितो की, तुमची लष्करी मदत मुल्लांच्या हाती शस्त्रे देण्यासाठीच असणार, कारण रशियाच्या साम्यवादावर तोच उतारा. मग अमेरिकी बनावटीच्या जपमाळा आणि नमाजाच्या चटया येऊ लागतात. वाचताना हसू फुटते. पण १९८० नंतर अमेरिकी शस्त्रे पाकिस्तानमार्गे अफगाण मुजाहिदीनांकडे कशी गेली हे ज्याला ठाऊक आहे, त्याचे हसू ओठांवरच विरते. तरीही मंटोला द्रष्टा ठरवू नये. तो भविष्य सांगत नव्हता, आजूबाजूला दिसत होते ते लिहीत होता.

सगळी पत्रे सारख्या तोलाची नाहीत. हॉलिवूडवरची लांबण कंटाळा आणते. पण माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. १९४९ चा तो ठराव मांडणारे लियाकत अली खान मदरशातून आलेले नव्हते. ऑक्सफर्डला शिकलेले बॅरिस्टर होते. मुल्लाच्या दाढीवर मंटोचा टोला जितका सणसणीत बसतो, तितका या सुटाबुटातल्या मंडळींवर बसत नाही.