पत्रकार कोणाला म्हणायचे?

पत्रकारांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य, असे अभिमानाने सांगितले जाते. एप्रिल २०१७ मध्ये विधिमंडळाने हे विधेयक संमत केले आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१९ मध्ये त्याचा कायदा झाला. पत्रकारावर किंवा माध्यमसंस्थेच्या मालमत्तेवर हल्ला केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड; गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. असा कायदा हवा होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु कायदा हाही एक मजकूर असतो. कथा-कविता वाचताना आपण विचारतो, यात कोणाचे जग आले आणि कोणाचे बाहेर ठेवले गेले? तोच प्रश्न मला या कायद्याला विचारावयाचा आहे.

कायद्याचा जीव त्याच्या व्याख्येत असतो. या कायद्याप्रमाणे पत्रकार म्हणजे ज्याचा प्रमुख व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो एखाद्या माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी पद्धतीने नेमलेला आहे तो. संपादक, बातमीदार, व्यंगचित्रकार, छायाचित्रकार, मुद्रितशोधक अशी यादी पुढे येते. अर्धवेळ काम करणाराही तीत बसतो. पण नेमणूक आणि प्रमुख व्यवसाय या दोन अटी सुटत नाहीत. शहरातल्या कचेरीत बसून वाचली तर ही व्याख्या चोख वाटते. गावात बसून वाचली की तिच्यातली भोके दिसू लागतात.

मी पिशोरला राहतो. कन्नड तालुक्यातले हे मोठे गाव. इथे पोलीस ठाणे आहे, बाजारपेठ आहे. अशा गावांतून ‘वार्ताहर’ म्हणून बातमी पाठविणारा माणूस कोण असतो? बहुधा तोच वृत्तपत्राचा एजंट असतो. पहाटे गठ्ठे उतरवून घ्यायचे, अंक वाटायचे, महिन्याची वसुली करायची, वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती जमवायच्या, आणि उरलेल्या वेळात बातमी. पगार नाही. पोट शेतीवर, झेरॉक्सच्या दुकानावर किंवा शिकवणीवर. जाहिरात देणारे कोण? सरपंच, ठेकेदार, पुढारी. आणि वाळू कोण उपसतो, रेशनचे धान्य कुठे जाते, दलितवस्तीच्या स्मशानाची वाट कोणी अडविली, ही बातमी द्यायची ती कोणाविरुद्ध? पुष्कळदा त्यांच्याच! मारहाण ही शेवटची पायरी असते. त्याआधी जाहिरात बंद होते, एजन्सी काढून घेण्याची धमकी येते, खंडणीची तक्रार होते. एवढे होऊनही हा माणूस लिहीत राहिला आणि त्याला मार बसला, तर आरोपीचा वकील पहिला प्रश्न विचारील, याचा प्रमुख व्यवसाय काय? शिवाय तक्रार खोटी ठरली तर तक्रार करणाऱ्या पत्रकारालाही तितकीच शिक्षा, असे कलम याच कायद्यात आहे. नेमणुकीचा कागद हाती नसलेल्या माणसाला हे कलम ठाण्याची पायरी चढण्याआधीच गप्प करते.

हीच व्याख्या आता आपल्या परंपरेला लावून पाहू. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापण्यास नकार दिला. महाडच्या चवदार तळ्याच्या संगरानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी एकट्याने लिहून काढले. त्यांना कोणी नेमले नव्हते. पोट वकिलीवर आणि अध्यापनावर होते. म्हणजे या व्याख्येप्रमाणे ‘बहिष्कृत भारत’चा संपादक पत्रकार ठरत नाही! त्यांच्यामागून दलितांची नियतकालिके चालविणारेही बहुतेक शिक्षक, कारकून, कामगार, कार्यकर्ते होते. प्रस्थापित वृत्तपत्रांनी ज्यांना दारात उभे केले नाही, त्यांनी स्वतःच लेखणी हाती घेतली.

संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये वृत्तपत्रस्वातंत्र्याचा वेगळा उल्लेख व्हावा, अशी मागणी झाली. बाबासाहेबांचे म्हणणे असे होते की, वृत्तपत्र हे नागरिकाचेच दुसरे नाव आहे. नागरिकाला नाही असा कोणताही खास अधिकार वृत्तपत्राला नाही. म्हणून अनुच्छेद १९ मध्ये वृत्तपत्राचे नाव नाही. काहींना ही उणीव वाटते. मला तो त्या अनुच्छेदाचा कणा वाटतो. बोलण्याचे स्वातंत्र्य एखाद्या पेशाच्या मालकीचे होऊ नये, ही त्यामागची दृष्टी आहे. २०१७ च्या विधेयकाने नेमकी तिच्याकडे पाठ फिरविली.

दोन मृत्यू समोर ठेवतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादक. शिक्षणाने डॉक्टर, कामाने अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. मे २०२४ मध्ये गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, इतर तिघे निर्दोष सुटले. दुसरे शशिकांत वारिशे. राजापूरचे हे बातमीदार रिफायनरीविरोधी आंदोलनाच्या बातम्या देत. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांच्या दुचाकीला मोटारीने उडविले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ज्याच्याविषयीची बातमी त्याच दिवशी छापून आली होती, तोच मोटार चालवीत होता असा आरोप आहे आणि गुन्हा खुनाचा आहे. कायदा होऊन तेव्हा तीन वर्षे उलटली होती. एक डॉक्टर, एक बातमीदार. मारणाऱ्याने कोणाचे ओळखपत्र तपासले नाही. कायद्याने मात्र ते तपासायचे, हा कुठला न्याय?

प्रश्नाला दुसरीही बाजू आहे, आणि ती आपण बोललो नाही तर कोणी बोलणार नाही. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. त्या काळात इथले वजनदार दैनिक ‘मराठवाडा’ नामांतराच्या विरोधात उभे होते. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मोठ्या वृत्तपत्रांनी कित्येक आठवडे तिची नीट दखल घेतली नाही; सुरुवातीच्या बातम्यांत तर अनैतिक संबंधांची कुजबूज होती. त्या काळात संपादकांवर सेन्सॉर नव्हता, त्यांच्या जिवाला धोकाही नव्हता. तरीही सत्य छापले गेले नाही. धोका होता तो सत्य सांगणाऱ्याला. सुरेखा भोतमांगे यांनी मारहाणीच्या एका प्रकरणात साक्ष दिली होती, आणि त्या साक्षीचा सूड घेतला गेला. गावात पहिली बातमी देणारा हा असा साक्षीदारच असतो. त्याचे तोंड बंद झाले की वृत्तपत्राचे स्वातंत्र्य कोऱ्या कागदाचे स्वातंत्र्य उरते.

यावर आक्षेप येईल: व्याख्या सैल केली तर गाडीवर ‘प्रेस’ लिहून वसुली करणारेही संरक्षण मागतील. आक्षेप खोटा नाही. असे लोक आपणही पाहतो. पण ते तर ओळखपत्रानिशी फिरतात! ओळखपत्राने ते अडले नाहीत, अडला तो कागद नसलेला प्रामाणिक वार्ताहर. म्हणून कसोटी माणसाची नको, कृत्याची हवी. हल्ला बातमी मिळविल्याबद्दल, दिल्याबद्दल किंवा ती दडपण्यासाठी झाला काय, एवढेच न्यायालयाने पाहावे. हे अशक्य नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडित, त्यांच्यावर अवलंबून असणारे आणि साक्षीदार यांच्या संरक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली. तिथे साक्षीदाराला कोणी त्याचा प्रमुख व्यवसाय विचारत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. व्याख्येतून ‘प्रमुख व्यवसाय’ ही अट काढा. गावोगावच्या वार्ताहरांना वृत्तपत्रांनी नेमणुकीचे पत्र आणि मानधन द्यावे. ज्याच्या बातमीवर पान भरते, त्याच्या संकटात तो आपला नव्हेच असे म्हणता येऊ नये. आणि तिसरी गोष्ट चळवळीसाठी: वार्ताहराला मार बसला की त्याची जात आणि त्याचे वृत्तपत्र न पाहता कार्यकर्त्यांनी त्याच्याबरोबर ठाण्यात जावे, तक्रार नोंदवून तिची प्रत हाती पडेपर्यंत तिथून हलू नये.