सीट नसलेली गाडी आणि टिकाऊपणाचा हिशोब

व्हिडिओ कॉलवर बाबांना गाडी दाखवली तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "अगं, सीट कुठाय?"

नाहीये, म्हटलं. या गाड्यांना नसतेच. उभं राहूनच चालवायची.

"केवढ्याला घेतलीस?"

चार हजार पौंड. तीही सेकंडहँड, तीन वर्षं वापरलेली. बाबांनी मनातल्या मनात गुणाकार केला असणार, कारण थोडा वेळ मला वाटलं नेटवर्कच गेलं. मग म्हणाले, "साडेचार लाखांत सीटसुद्धा देत नाहीत? टिकेल तरी का?"

सीटबद्दलचं उत्तर माझ्याकडे होतं. टिकण्याबद्दलचं नव्हतं. लीड्सजवळच्या चिखलात दोन हिवाळे काढल्यावर ते थोडंफार हाताला लागलंय, म्हणून हा लेख.

आधी ट्रायल म्हणजे काय ते सांगते. आपल्याकडे हा शब्द २०१९ साली आलेल्या बुलेट ट्रायल्समुळे काहींना माहीत असेल. जॉनी ब्रिटनने १९५२ आणि १९५७ साली रॉयल एन्फील्डवर बसून 'स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल' जिंकली होती, त्या आठवणीवर ते नाव बेतलेलं. पण त्या बुलेटचं वजन पावणेदोनशे किलोंच्या वर होतं. आज ट्रायलमध्ये उतरणारी गाडी साधारण ६५ ते ७५ किलोंची असते. ही शर्यत नाही. ओढ्यातून, ओंडक्यांवरून, निसरड्या दगडांवरून आखून दिलेला एक छोटा पट्टा पाय न टेकता पार करायचा. एकदा पाय टेकला की १ गुण, दोनदा टेकला की २, त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी ३. पडलात किंवा हद्दीबाहेर गेलात की ५. ज्याचे गुण सगळ्यात कमी, तो जिंकला. वेग चालण्याइतका, कधी त्याहूनही कमी. यॉर्कशायरमध्ये हे वेड जुनं आहे. इथली स्कॉट ट्रायल १९१४ सालापासूनची.

आमच्या क्लबात सत्तरी ओलांडलेले एक आजोबा आहेत. त्यांच्याकडे सत्तरच्या दशकातली बुल्टाको शेर्पा आहे, आणि ते ती अजून चालवतात. माझ्या गाडीच्या मडगार्डला बोटाने टिचकी मारून ते दर रविवारी तेच सांगतात: आताच्या गाड्या कचकड्याच्या. पैसे दुप्पट, आयुष्य निम्मं. इथे चहाच्या टेबलाभोवती अर्ध्याअधिक लोकांचं हेच मत आहे. मला ते निम्मंच पटतं, आणि कुठलं निम्मं हे सांगणं मला महत्त्वाचं वाटतं.

कारण ती शेर्पाही वजन उतरवण्याच्या हट्टातूनच जन्माला आली. सॅमी मिलर हा त्या काळचा ट्रायलचा मोठा खेळाडू. त्याची एरियल ही ५०० सीसीची फोर-स्ट्रोक गाडी. वर्षानुवर्षं तिचा एकेक भाग बदलत, तासत तो तिचं वजन कमी करत राहिला. शेवटी तो एरियल सोडून स्पेनला बुल्टाकोकडे गेला, आणि त्यांच्यासाठी एक टू-स्ट्रोक गाडी तयार केली, शंभर किलोंच्या आतली. १९६५ची स्कॉटिश सिक्स डेज त्याने तिच्यावर जिंकली. त्यानंतर जड ब्रिटिश फोर-स्ट्रोक गाड्यांचे दिवस भरले. म्हणजे आजोबा ज्या गाडीला दणकट म्हणतात, ती तिच्या काळातली हलकी गाडीच होती.

आणि मला तर हलकेपणाबद्दल बोलायचा खास हक्क आहे. माझं वजन बावन्न किलो. एकदा आजोबांची शेर्पा ओढ्यात आडवी झाली होती. मी उचलायला गेले आणि ती जेमतेम वीतभर हलली. माझी गाडी मी एकटी उचलते, वळवते, व्हॅनमध्ये चढवते. गाडी नव्वद किलोंची असती तर मी या खेळात आलेच नसते. त्यामुळे 'पूर्वीसारखी मजबूत गाडी बनवा' असं कोणी म्हटलं, की त्या 'पूर्वी'त माझ्यासारख्यांना जागा होती का, हा प्रश्न मला पडतो.

पण हलकेपणा फुकट मिळत नाही. पेट्रोलची टाकी जेमतेम दोन-अडीच लिटरची. बेटा इव्होमध्ये तर वेगळी टाकीच नाही, अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ फ्रेममध्येच पेट्रोल भरतात. बेअरिंगं छोटी, किकचे दाते छोटे, पत्रे पातळ, रेडिएटर वहीएवढा. चालण्याच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला वारा लागत नाही, म्हणून रेडिएटरमागे एक पंखा असतो. तो चालू तर गाडी चालू.

पहिल्या हिवाळ्यात, नोव्हेंबरमध्ये, तिसऱ्या फेरीत माझा पंखा बंद पडला. पाणी उकळलं, वाफेचा लोट आला, आणि मी गाडी माळावरून दीड मैल ढकलत आणली. पाऊस होता हे वेगळं सांगायला नको, यॉर्कशायर आहे. त्या रात्री मी ती विकायची जाहिरात लिहून ठेवली होती. टाकली मात्र नाही, कारण नक्की काय झालंय ते आधी पाहायचं होतं.

पंख्याची मोटर ठणठणीत होती. तिच्या वायरीचा कनेक्टर हिरवा पडला होता. पुढच्या चाकाचा चिखल थेट जिथे उडतो तिथे तो बसवलेला, आणि त्यावर साधी रबरी टोपी नाही. मग सगळीच गाडी उघडली. मागच्या शॉकच्या लिंकेजची बेअरिंगं कोरडी ठक्क, गंजून धरलेली. गाडी जुनी, आधीच्या मालकाने ग्रीस घातलं नसेल असं म्हणून मी सोडून दिलं. पण महिन्याभराने क्लबातल्या एकाने त्याच कंपनीची कोरी गाडी आणली, आणि पहिल्या रविवारच्या आधी आम्ही ती उघडली. आत ग्रीस होतं, गंध लावावा इतकं. (कंपनीचं नाव सांगत नाही. दोन गाड्यांवरून कारखान्याला नावं ठेवू नयेत.)

तेव्हापासून मी वहीत दोन रकाने केलेत. एकावर लिहिलंय 'हलकेपणाची किंमत'. तडकलेलं मडगार्ड, चेपलेला सायलेन्सर, लवकर झिजणारं मऊ टायर आणि अर्धवट किक मारल्याने मोडलेला किकचा दाता या रकान्यात. यांबद्दल माझी तक्रार नाही. तो दाता दुप्पट जाड केला असता तर टिकला असता, पण असे पन्नास भाग जाड केले की गाडी पुन्हा आजोबांची होते. दुसऱ्या रकान्यावर लिहिलंय 'कंजुषी'. टोपी नसलेला कनेक्टर, ग्रीस नसलेली बेअरिंगं, पहिल्याच पावसात तांबूस झालेले बोल्ट, एअर फिल्टरच्या डब्यात पाणी शिरू देणारी फट. यातलं काहीही दुरुस्त करायला गाडीचं वजन शंभर ग्रॅमनेही वाढणार नव्हतं.

आजच्या ट्रायल गाड्यांवरचा माझा आक्षेप हा एवढाच आहे. पहिल्या रकान्यातली मोडतोड न्याय्य आहे, पण तिच्या आडोशाने दुसरा रकाना खपवला जातो. काही तुटलं की उत्तर तयार: 'स्पर्धेची गाडी आहे, असं व्हायचंच.' विजेत्याच्या गाडीला प्रत्येक फेरीनंतर मेकॅनिक हात लावतो. मला ती विजेत्याची म्हणून विकली जाते, मेकॅनिक मात्र सोबत येत नाही, आणि तो हवा होता हे बिलावर कुठेच लिहिलेलं नसतं.

यात परीक्षण करणाऱ्यांचाही हात आहे. यूट्यूबवर या गाड्यांचे रिव्ह्यू पाहा. कोरी गाडी, कोरडं ऊन, अर्धा दिवस. मग पुढचं चाक किती सहज उचललं जातं आणि क्लच एका बोटाने कसा दाबता येतो याचं कौतुक. हे सगळं खरंच असतं. पण पुस्तकाचं पहिलं पान वाचून परीक्षण लिहिलं तर आपण त्याला हसू. दोन हिवाळ्यांनंतर गाडी उघडून दाखवणारा रिव्ह्यू मी अजून शोधतेय.

आता किमतीचं. इथे नवी ट्रायल गाडी साधारण सहा-सात हजार पौंडांपासून सुरू होते आणि वरचं मॉडेल नऊ हजारांच्या आसपास जातं. तेवढ्यात सीट, दिवे, एबीएस सगळं असलेली चांगली रोड बाइक येते. बाबांना हे लुटालुटीसारखं वाटतं. पण या गाड्या हजारांत विकल्या जातात, लाखांत नाही. साच्यांचा आणि संशोधनाचा खर्च त्या थोड्या गाड्यांवरच पडतो. शिवाय जुनी गाडीही बऱ्या भावाने जाते. त्यामुळे खरेदीची किंमत मला तितकीशी टोचत नाही. भीती वाटते ती सुट्या भागांची, कारण या धंद्यात कारखाने गाड्यांच्या आधी मोडतात.

बुल्टाको १९८३ साली बंद पडली. तिचे माजी विक्रेते असलेल्या दोघांनी १९८५ साली कातालोनियात गॅसगॅस सुरू केली. फ्रान्सची स्कॉर्पा २००९ साली दिवाळखोरीत गेली, तिला शेर्कोने घेतलं. ओस्सा हे जुनं नाव फ्युएल इंजेक्शनच्या नव्या गाडीसह परत आलं, थोड्या वर्षांत गॅसगॅसमध्ये विलीन झालं आणि विझलं. २०१५ साली गॅसगॅस स्वतःच दिवाळखोरीत गेली. या काळात शांतपणे चालू राहिली ती माँतेसा, कारण तिच्यामागे होंडा उभी आहे. कोटा फोर-आरटी काही किलो जड आणि खिशालाही जड, पण ती घेणारे लोक त्या जादा पैशांत झोप विकत घेतात. टोनी बोऊने २००७ ते २०२४ अशी सलग अठरा मैदानी जागतिक विजेतेपदं माँतेसा-होंडाच्या गाड्यांवर मिळवली. त्याची खास गाडी आपल्याला दुकानात मिळत नाही, पण काही किलो जास्त असणं म्हणजे हरणं नव्हे एवढं त्यातून कळतं.

आणि या गोष्टीचं एक टोक आता थेट पुण्यात आलंय. गॅसगॅस २०१९ साली केटीएमच्या समूहात गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमनेच दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. आणि तिला सावरायला ८० कोटी युरो घेऊन उभी राहिली २००७ पासून तिची भागीदार असलेली, आकुर्डीची बजाज ऑटो. २०२५ मध्ये केटीएमचा ताबा बजाजकडे आला.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. आमच्याकडे वीस वर्षं चेतक होती. म्हटलं, बघा, चेतकवाल्यांकडेच आता सीट नसलेल्या गाड्या आल्या. त्या चेतकसारख्या टिकतील का?

बाबा म्हणाले, "चेतक कुठे टिकली? आपण टिकवली. दर रविवारी प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचो. डिकीत क्लच केबल कायम. आणि जे तुटेल ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचं, चिंचवडला नाहीतर निगडीला. नसतं मिळालं तर भंगारात गेली असती पाच वर्षांत."

बजाजकडून मला जास्त जाड पत्रा नकोय. अजून हलकी गाडीही नकोय. बेअरिंगमध्ये कारखान्यातच भरपूर ग्रीस भरा, कनेक्टरला टोपी घाला, आणि आज विकलेल्या गाडीच्या किकचा दाता दहा वर्षांनी मागितला तरी मिळेल असं लिहून द्या. कोपऱ्यावरचं दुकान म्हणजे काय हे आकुर्डीला कोणी शिकवायला नको.

माझी गाडी मी विकली नाही. कनेक्टरवर आता सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलाय. गेल्या रविवारी लिंकेज उघडून ग्रीस भरत होते तेव्हा बाबांचा कॉल आला. फोन डब्याला टेकवून ठेवला. त्यांनी अर्धा तास काम पाहिलं, दोनदा "अजून भर" म्हणाले, आणि सीटबद्दल काहीच विचारलं नाही.