यादीतून गळलेलं नाव

सिम एके दिवशी कामावर येत नाही. एक-दोघं त्याबद्दल बोलतात, दुसऱ्या दिवशी तेही गप्प होतात. मग विन्स्टन फलकावरची बुद्धिबळ समितीची यादी पाहतो. तिच्यात एक नाव कमी असतं. ऑर्वेलच्या ‘१९८४’ (१९४९) या कादंबरीतल्या छळकोठडीपेक्षा मला ही यादी जास्त घाबरवते. छळाला यंत्रणा लागते. नाव न घ्यायला शेजारच्या टेबलावरचा माणूस पुरतो.

मराठीत याला ‘वाळीत टाकणं’ म्हणतात. २०१६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर करावा लागला, तो गावकी आणि जातपंचायती हेच करत आल्या म्हणून. त्यामुळे डिस्टोपियन कादंबरी वाचताना मी हुकूमशहाकडे कमी बघतो आणि पाठ कोण फिरवतंय हे शोधतो.

रशियन लेखक झाम्यातिननं ‘आम्ही’ ही कादंबरी १९२०-२१ मध्ये लिहिली. तिच्यातली घरं काचेची आहेत आणि माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत. पुढे वाळीत पडणं त्याच्याच वाट्याला आलं. १९२९ मध्ये लेखकांच्या संघटनांनी त्याच्याविरुद्ध मोहीम उघडली, छापणारे मिळेनात, नाटकं बंद पडली. १९३१ मध्ये त्यानं थेट स्टालिनला पत्र लिहून देश सोडायची परवानगी मागितली. ती मिळाली. कादंबरी मात्र मायदेशी छापली गेली १९८८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकानं.

हक्सलेच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मधला जॉन दोन्हीकडून बाहेरचा आहे. आदिवासी वस्तीतली पोरं त्याला दगड मारतात, दीक्षेच्या विधीतून त्याला हाकललं जातं. लंडनमध्ये तो बघ्यांची करमणूक होतो. ब्रॅडबरीच्या ‘फॅरनहाइट ४५१’मधली क्लॅरिस ‘समाजात न मिसळणारी’ ठरते, कारण तिला लोकांशी खरोखर बोलायचं असतं. आणि त्याच कादंबरीचा नायक माँटॅग याची तक्रार करणाऱ्यांत त्याची बायकोच असते.

गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या किशोरवयीनांसाठीच्या कादंबऱ्यांबद्दल माझी तक्रार इथंच आहे. व्हेरॉनिका रॉथच्या ‘डायव्हर्जंट’मध्ये (२०११) गटाबाहेर फेकलेली माणसं आहेत, ती कचरा उचलतात, बस चालवतात. पण गोष्ट त्यांच्यामागे जात नाही. ती जाते जन्मतःच वेगळ्या असलेल्या नायिकेमागे. वेगळेपण हे वरदान झालं की बहिष्काराची धग उरत नाही.

ती धग प्रयाग अकबरच्या ‘लैला’त (२०१७) आहे. जातीधर्मानुसार भिंती घालून वाटलेल्या शहरात शालिनी हिरावून नेलेली मुलगी वर्षानुवर्षं शोधत राहते. अकबर तिला निव्वळ बळी करत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. सुखाच्या दिवसांत घरकामाच्या बाईशी ती कशी वागत होती, तेही तो दाखवतो. म्हणजे भिंत त्याआधीच तिच्या घरात होती.

आणि इशिगुरोच्या ‘नेव्हर लेट मी गो’मध्ये (२००५) भिंतसुद्धा नाही. शरीराचे अवयव देण्यासाठी वाढवलेली मुलं आहेत, आणि त्यांच्या भल्यासाठी झटणारी एक बाई आहे, मादाम. मुली मुद्दाम तिच्या जवळून जातात. ती ओरडत नाही, त्यांना झिडकारत नाही. अंग आक्रसून, जागच्या जागी थिजून, त्या पुढे निघून जाण्याची वाट पाहत राहते.